याहून सोपं

“मी काय शोधत होते गं?” आईनं विचारलं, आणि शुभांगीला उत्तर देता आलं नाही, कारण उत्तर द्यायचं नाही असा नियम होता. समोर बसलेल्या माणसाला काम एकदा सांगायचं, मग त्याच्या मागे, जरा डाव्या अंगाला खुर्ची ओढून बसायचं आणि बघत राहायचं. तो अडला तरी सांगायचं नाही, चुकला तरी हूं की चूं करायचं नाही. चेहऱ्यावरही काही दिसू द्यायचं नाही, कारण माणसं पडद्यापेक्षा चेहरा लवकर वाचतात. नाशिकमधल्या कॅनडा कॉर्नरवरच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात गेला आठवडाभर हेच चाललं होतं. आज आई माउसवर हात ठेवून बसली होती. पडद्यावर एका धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्याची साइट होती आणि तिच्या अगदी वर, पांढऱ्यावर निळ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: शिबिर कुठे आणि कधी. आईनं ते मोठ्यानं वाचलंही होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळी नोकरी काढलेल्या त्या स्वच्छ, चढउतार नसलेल्या आवाजात वाचलं, आणि ती पुढे गेली. देणगी. आमचे डॉक्टर. संपर्क. मुखपृष्ठ. पुन्हा देणगी. आपल्याला काही घ्यायचं नसलं की रस्त्यानं जाताना दुकानांच्या पाट्या वाचत जावं, तसं. घोटीचं शिबिर कोणत्या तारखेला आहे, एवढंच तिला शोधायचं होतं. “घोटीचं,” शेवटी शुभांगीनं नियम मोडला. “घोटीचं शिबिर, आई.” “हां, घोटीचं,” आई म्हणाली, आणि तिनं बाण नेऊन ठेवला तो पडद्याच्या रिकाम्या भागावर. तिथं काहीच नव्हतं, नुसतं पांढरं. तिथं ती दाबत राहिली, शांतपणे, पुन्हा पुन्हा, बंद दाराची कडी वाजवत राहावी तशी.

किशोर दाराशी उभा होता. ऑफिस त्याचं, शुभांगीपेक्षा वयानं थोडा लहान, साहेब म्हटलेलं त्याला आवडत नसे, आणि तिच्या आईला, वत्सलाबाईंना, तो काकू म्हणे. त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग आईच्या हाताकडे पाहिलं, आणि मग पटकन खिडकीबाहेर नजर नेली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या इमारतीची टाकी भरून वाहत होती. त्या पाण्याकडे तो बघत राहिला तेवढ्या वेळात तिला कळलं, की याला कळलंय. आणि याला कळलंय म्हणजे ते आहे. आजवर ते फक्त तिच्या डोक्यात होतं. तिथं त्याच्यावर काहीही टाकून झाकता येत होतं.

ही साइट आधी अशी नव्हती. आधी तिथं कमळ होतं, आणि ते शुभांगीनंच केलं होतं, दोन हजार चारच्या सुमाराला. तेव्हा नाशकात साइट करून घेणं म्हणजे दुकानाला काचेचा दरवाजा बसवून घेण्यासारखं होतं; प्रत्येक गिऱ्हाइकाला ती हलायला हवी असायची. दवाखान्याच्या विश्वस्तांनाही हलणारं काहीतरी हवं होतं. तिनं पाण्यावर मिटलेली कळी काढली. बाण जवळ नेला की एकेक पाकळी उमलायची आणि तिच्यावर शब्द यायचा: सेवा, बांधिलकी, वाटचाल, स्पंदन. शिबिरांच्या तारखा ‘स्पंदन’मध्ये होत्या. तिथंच का, हे आता तिलाही सांगता आलं नसतं. तेव्हा सगळ्यांना शब्द आवडला होता. आई तर शेजारणींना बोलावून दाखवायची, माझ्या शुभीनं केलंय म्हणून. मग दोन वर्षांनी पेठकडचा गोटीराम नावाचा एक म्हातारा मोतीबिंदू झालेल्या बायकोला घेऊन एसटीनं आला, तो शिबिर होऊन गेल्यावर. गावातल्या सायबर कॅफेवाल्यानं त्याच्यासाठी खूप शोधाशोध केली होती, पण पाकळ्यांमधून त्याच्या हाती लागली ती आदल्या वर्षीची तारीख. म्हातारी पायरीवर बसून राहिली आणि म्हातारा प्रत्येकाला विचारत सुटला, की आता आमी परत कवा यायचं. विश्वस्तांनी किशोरला बोलावून घेतलं.

किशोर पुण्याला एक कार्यशाळा करून आला होता आणि येताना एक वाक्य घेऊन आला होता. ते त्यानं मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर चिकटवलं: माणूस चुकत नाही, पान चुकतं. म्हणाला, लोकांना आणून बसवू या. शिकवायचं नाही, बघायचं. म्हणून मग माणसं आली आणि शुभांगी त्यांच्या मागे बसून आपलं कमळ बघू लागली. दवाखान्याला भाजी घालणाऱ्या नवसाबाई मखमलाबादहून आल्या, शाळा सातवीपर्यंत झालेल्या. माउस धरून त्या म्हणाल्या, “हात लावला का मिटून जाती ही. लय लाजाळू हाय बाई तुमचं फूल.” सगळे हसले, शुभांगीही हसली. पण तिला लागलं ते हे नव्हतं. तिला लागलं ते माणसांचं माफी मागणं. एकेक जण येऊन हरवायचा आणि उठताना ओशाळून म्हणायचा, आम्हालाच नाही जमत हो. आमचं शिक्षण कमी पडतं. चष्मा घरी राहिला. कुणी म्हणालं नाही की ही तारीख तुम्ही कुठं दडवून ठेवलीत. तिनं केलेल्या फुलात माणसं वाट चुकत होती आणि दोष स्वतःला देत होती. मग भिंतीवरचं वाक्य तिला पटलं, नुसतं पटलं नाही, ते तिच्या अंगात भिनलं.

त्याच फेरीत तिनं आईलाही आणलं होतं. आईसुद्धा पाकळ्यांत अडकली, बराच वेळ अडकली, आणि शेवटी माउस सोडून म्हणाली, “फूल तुझं देखणं आहे शुभे, पण असल्या फुलात कामाचं काही ठेवू नये.” त्या दिवशी घरी जाताना शुभांगी आतून हलकी झाली होती. इतकी, की तिनं वाटेत बटाटेवडे घेतले. आनंद कसला झालाय याचा तिनं विचार केला नाही. पुढे केव्हातरी तो तिला करावा लागला: आई सगळ्यांसारखीच हरवली, सगळ्यांपेक्षा वेगळी नाही, याचा तो आनंद होता.

कारण घरी गेलं वर्षभर काहीतरी होत होतं, आणि शुभांगीनं ते वाक्य घरी नेलं होतं. इंदिरानगरच्या त्यांच्या सोसायटीत दोन विंग होत्या, हुबेहूब एकसारख्या. एकदा आई भाजीची पिशवी घेऊन दुसऱ्याच विंगमध्ये गेली, तिसऱ्या मजल्यावरच्या दाराची बेल वाजवली, आणि दार उघडणाऱ्या बाईला विचारलं की तुम्ही माझ्या घरात काय करताय. शुभांगी सोसायटीच्या बैठकीत बिल्डरच्या नावानं कडाकडा भांडली. दोन्ही इमारतींना एकच रंग, जिन्यात एक आकडा नाही, म्हाताऱ्या माणसांनी करायचं काय? तिचं बरोबर होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या, जिन्यात आकडे रंगवले गेले. आईनं चहात मीठ घातलं तेव्हा तिनं स्टीलचे डबे काढून टाकले आणि काचेच्या बरण्या आणल्या. गॅस उघडा राहिला तेव्हा ती शेगडीवर चिडली, कुठलं बटण कुठल्या शेगडीचं ते बघून कळतच नाही म्हणाली. मोबाइल चालेना तेव्हा मोबाइलवर. घरातली एकेक गोष्ट ती सोपी करत गेली. प्रत्येक वेळी तिच्याजवळ कारण होतं आणि प्रत्येक वेळी ते खरं होतं. शेगडीची बटणं खरोखर वाईट होती. दोन विंग खरोखर सारख्या होत्या. खोटं कारण असतं तर ते केव्हाच उघडं पडलं असतं.

फक्त एका गोष्टीला तिच्याजवळ कारण नव्हतं. एका रविवारी दुपारी, दोघी शेंगा फोडत बसलेल्या असताना आईनं सहज विचारलं, “चंदरराव कधी येणारेत तुला न्यायला?” नवऱ्याला, चंदरला सोडून शुभांगीला नऊ-दहा वर्षं झाली होती. इथं रंग नव्हता, बटण नव्हतं, बरणी नव्हती. ती उठून न्हाणीघरात गेली, नळ मोठा सोडला आणि वाहत्या पाण्याखाली नुसते हात धरून उभी राहिली. बाहेर आली तेव्हा आई शेंगा फोडतच होती, आणि तिनं ते परत विचारलं नाही. म्हणून शुभांगीनंही ते विचारलं गेलंच नाही असं ठरवलं.

चंदरचं घर सोडून ती आली होती ती घरी नव्हे, थेट एक्स्चेंजमध्ये. घराची किल्ली नव्हती आणि आई ड्युटीवर होती. तोवर ट्रंक कॉलचे दिवस संपत आले होते, आई चौकशीच्या टेबलावर बसायची, पण कानावर तोच हेडफोनचा पट्टा, समोर तसाच दिवा. शुभांगी हातात बॅग घेऊन दारात उभी राहिली. आईनं बघितलं, बॅग बघितली, एक बोट वर करून थांब म्हणाली आणि कुणालातरी देवळ्याचा कुठलासा नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत नीट सांगितला. मग कानावरचा पट्टा उतरवून बाहेर आली आणि म्हणाली, “जेवलीस का?” त्यापुढे तिनं आजतागायत काही विचारलं नव्हतं. लहानपणी शाळा सुटल्यावर शुभांगी त्याच इमारतीत एका कोपऱ्यात गृहपाठ करत बसायची. तिच्या कानावर आईचा आवाज पडत राहायचा: निफाड, थांबा. तुमचं मुंबई लागलंय, बोला. कुणाचं मूल जन्मलेलं असे, कुणाचं माणूस गेलेलं असे, आणि सगळं गाव आईच्या ‘बोला’साठी थांबलेलं असे. मुलीला वाटायचं की आईनं बोला म्हटल्याशिवाय जगात कुणाला कुणाशी बोलताच येत नाही.

कमळ तिनं स्वतःच काढून टाकलं. पाकळ्यांच्या जागी सरळ ओळी आल्या. शब्द ती कमी करत गेली, अक्षर वाढवत गेली. स्पंदनचं झालं ‘शिबिर कुठे आणि कधी’. त्याखाली तालुक्यांची नावं, आणि नावावर दाबलं की तारीख. किशोर म्हणाला पुरे आता, तरी ती थांबेना. एक रेघ पुसायची, एक शब्द खोडायचा आणि मनातल्या मनात विचारायची, आता दिसेल? दवाखाना, विश्वस्त, पेठचा म्हातारा, सगळे मागे पडले होते. ते पान ती एकाच माणसासाठी करत होती आणि स्वतःला तसं म्हणू देत नव्हती. मग दुसरी फेरी झाली. नवसाबाईंनी बसल्या बसल्या तारीख काढून दिली आणि म्हणाल्या, “आधीच का नाय असं केलं?” बायकोचं ऑपरेशन करून घ्यायला आलेल्या गोटीरामला बसवलं. तो अक्षर अक्षर लावून वाचणारा. त्यानं पडद्यावरच्या ‘पेठ’वर सरळ बोट टेकवलं. “ह्ये तर हितंच हाय,” तो म्हणाला, आणि कुणीतरी फसवत तर नाही ना म्हणून त्यानं शुभांगीच्या तोंडाकडे बघितलं. सगळ्यांना जमलं. आता आईला आणायची तशी गरज नव्हती. पण तिनं आणलं, कारण तिला खात्री होती.

आई अजून पांढऱ्यावर दाबत होती. शुभांगीनं पुढे वाकून तिच्या हातावर हात ठेवला. “राहू दे आई. झालं.” “झालं?” आई उठली, पदर सारखा केला आणि किशोरकडे बघून हसली. “तुमची लाइन बिझी दिसतेय. मी नंतर बघते.” किशोर जरा जास्तच मोठ्यानं हसला. आई चपला घालायला बाहेर गेली तेव्हा तो हळूच म्हणाला, “शुभांगी, काकूंचं अहवालात नको घेऊ या. बाकी सगळ्यांना जमलंय. साइट चांगली झालीय.” “हो,” ती म्हणाली. “खरंच चांगली झालीय,” तो पुन्हा म्हणाला. कुणी गेल्यावर भेटायला येणारे लोक बोलतात तसा त्याचा आवाज झाला होता. भिंतीवरच्या वाक्याकडे दोघांनीही पाहिलं नाही.

रस्त्यावर आल्यावर तिला घरी जावंसं वाटेना. घरी त्या बरण्या होत्या. “गंगेवर जायचं?” तिनं विचारलं. आई लगेच हो म्हणाली. बुधवार होता, गोदावरीच्या काठी बाजार भरला होता. टोपल्या, दोरखंड, प्लॅस्टिकच्या बादल्या, खारे दाणे भाजल्याचा वास. आई गर्दीतून सराईतासारखी चालली होती. एका ठिकाणी थांबून तिनं मेथीची जुडी उलटीपालटी करून बघितली, मुळं पिवळी आहेत म्हणून परत ठेवली, आणि शुभांगीच्या मनात लगेच डोकं वर काढलं: बघ, काही झालेलं नाही, अक्षर अजून थोडं मोठं हवं होतं, बस. पंचवटीच्या बाजूच्या पायऱ्यांवर दोघी बसल्या. पाणी उतरलेलं, हिरवट. पलीकडे कुणीतरी सतरंज्या धूत होतं.

“सगळ्यांना जमलं ना?” आईनं पाण्याकडे बघत विचारलं.

“काय?”

“तुझं ते. शिबिराचं.”

“जमलं.”

“त्या पेठच्या म्हाताऱ्याला? तू सांगत होतीस तो?”

“हो. त्यालाही.”

“मग पान बरोबर आहे.”

“अजून करता येईल गं,” शुभांगी घाईनं म्हणाली. “तालुके डावीकडे घेतले, आणि ते देणगीचं खाली नेलं, तर एकदम...”

“नको,” आई म्हणाली. “याहून सोपं करत बसू नकोस आता. लोकांना वाटेल, आपल्याला खुळं समजतात.” ती स्वतःशीच थोडी हसली. मग म्हणाली, “मला दिसतं गं सगळं. वाचताही येतं. वाचलेलं राहत नाही. बोलणं चालू असताना मधेच कुणीतरी दोरी उपटावी एक्स्चेंजच्या बोर्डातली, तसं होतं. मग नुसती खरखर.”

“कधीपासून?”

“तू डबे बदललेस ना, त्याच्या आधीपासून.”

पायरीच्या फटीत उगवलेलं गवत शुभांगी नखानं खुडत राहिली.

“आधी वाटलं, तुला कळलंय म्हणूनच बदलतेस,” आई म्हणाली. “मग बघितलं तर तू बिल्डरशी भांडतेस, शेगडीवर ओरडतेस. बरं वाटायचं मला. कुणीतरी माझ्या बाजूनं भांडतंय.” ती थांबली. “पण एकटं पडायला होतं गं त्यानं. मी चुकायची, आणि तू म्हणायचीस चूक दाराची आहे. मग मी कुणाला सांगू?”

“आई...”

“चुकले की चुकले म्हणत जा. रागावून नको म्हणूस. पण म्हण. तू पण म्हटलं नाहीस तर मला कळणार कसं, खरं कुठलं ते?”

शुभांगी हो म्हणाली. त्या वेळी ते सोपं वाटलं. पुढे डॉक्टर झाले, मेंदूचे स्कॅन झाले, एक लांबलचक नाव मिळालं आणि ज्यांचा उपयोग होणार नाही अशी डॉक्टरनंच आधी सांगितलेली औषधं मिळाली. पुढे आई ‘स्वयंपाकघर’ ही पाटी घरातल्या घरात स्पष्ट आवाजात वाचायची आणि आत जाऊन, इथं काय करतात हे आठवत, ओट्याला टेकून उभी राहायची. ते चारएक वर्षं चाललं, आणि दोन हजार दहाच्या थंडीत संपलं. दवाखान्याची साइट नावाजली गेली. किशोरला तिच्यासारखी आणखी कितीतरी कामं मिळाली आणि ती सगळी शुभांगीनंच केली. पण त्या बुधवारी यातलं काही तिला ठाऊक नव्हतं. त्या बुधवारी आई तिच्याशेजारी बसलेली होती, शहाणी, आपल्याला काय होतंय ते नीट सांगणारी, आणि एवढं नीट सांगता येतंय त्या अर्थी फार काही झालेलं नसणार असं म्हणायला शुभांगीचं मन पुन्हा वाट शोधत होतं.

उन्हं उतरली तशा दोघी पायऱ्या चढून वर आल्या. बाजार उठत होता, शेतकऱ्यांच्या बायका उरलेली भाजी स्वस्तात ओतून देत होत्या. वर रस्त्याला रिक्षा मिळाली. आई नेहमीसारखी आधी चढली, आत सरकून बसली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, “कारंजा. पिठाच्या गिरणीसमोर.”

गिरणीच्या वरच्या दोन खोल्यांत त्या भाड्यानं राहत होत्या, शुभांगीचं लग्न व्हायच्या आधी. वडील तिथंच गेले. आता गिरणीही राहिली नव्हती.

“कारंजा?” रिक्षावाला वळून म्हणाला. “आजी, कारंजा हा काय इथंच. चालत जाल की.”

आई गोंधळली नाही. ती तशीच बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन, घरी निघालेल्या माणसासारखी. आणि शुभांगीजवळ कारण तयार होतं. या पायऱ्या चढून आई वर्षानुवर्षं त्या घरी गेलेली. बाजाराचा वास तोच, उन्हं तीच, पाय आपोआप तिकडे वळणार. कुणाचंही झालं असतं. तिचं स्वतःचंही झालं असतं. चूक नदीची होती, बुधवारची होती, तिचीच होती, तिनंच इथं आणलं. कारण खरं होतं, नेहमीसारखं. नुसतं हसून रिक्षावाल्याला पत्ता सांगितला असता तर काहीच बिघडलं नसतं.

“नाही आई,” ती म्हणाली. “चुकलं.”

आईनं तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात क्षणभर कुणीतरी चारचौघांत बोललं याचा राग होता, मग तो गेला, आणि जे उरलं ते शुभांगीला बघवेना. पण तिनं नजर बाहेर नेली नाही.

“चुकलं का,” आई म्हणाली. “बरं. तू सांग मग.”

शुभांगीनं इंदिरानगर सांगितलं. रिक्षावाल्याला ऐकू गेलं नाही, तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं.